समुद्रफुलांचं टाकं

तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. विदर्भातल्या वणीपासून तो इतका लांब, की समुद्राचं पाणी खारट असतं असं सांगितलं तर आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया हसायच्या. एवढं मीठ टाकलं कोनं, असं विचारायच्या. तरी एका हिवाळ्यापासून आमच्या अंगणात, शेळीच्या खुंट्याच्या पलीकडे, समुद्राच्या पाण्याचं टाकं होतं आणि त्यात जिवंत समुद्रफुलं होती. ती जगवायच्या नादात मी बाबांना न सांगता एक गोष्ट केली. तिची लाज मला पुढं बरीच वर्षं पुरली.

अमरावतीला मी कॉलेजात सायन्सचं एक वर्ष काढलं होतं. तिथं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, फॉर्मॅलिनच्या बरणीत, एक राखाडी आक्रसलेला गोळा होता. सर म्हणाले, हे समुद्रफूल. नाव फुलाचं, पण हा प्राणी आहे. जिवंत असताना उमलतो, पाकळ्यांनी भक्ष्य धरतो, धक्का लागला की मिटतो. आम्ही बरणीत पाहिलं आणि वहीत गोळाच काढला. मी विचारलं, जिवंत कुठं पाहायला मिळेल? "त्याला समुद्र लागतो," सर म्हणाले आणि पुढच्या बरणीकडे वळले.

त्याच वर्षी बाबा परांचीवरून पडले. ते गवंडी होते. खुबा मोडला, तो वाकडाच सांधला. मी कॉलेज सोडून घरी आलो आणि कापसाच्या एका जिनिंगमध्ये वाफेच्या इंजिनावर तेलपाण्याच्या कामाला लागलो. बाबा घरी बसले. ज्या माणसानं जन्मभर उंचावर उभं राहून भिंती चढवल्या, तो दिवसभर खाटेवर बसून दाराकडे बघायचा. मायशी ते शेळीच्या चाऱ्यापलीकडे बोलत नसत. संध्याकाळी मी आलो की दोघंही माझ्याकडे बघायची आणि मला घरात शिरावंसं वाटायचं नाही.

टाक्याची गोष्ट मी काढली ती खरं म्हणजे त्या शांततेला कंटाळून. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान मुंबईला बंदरात कामाला होते. त्यांना मी पत्र लिहिलं. भाऊजी, समुद्राचं पाणी आणि ओहोटीला उघडे पडणारे चार दगड आणता येतील का? दगडांवर जे काही चिकटलेलं असेल ते तसंच राहू द्या. त्यांचं कार्ड आलं, "तू येडा झाला काय? आनतो."

मी बाबांना म्हटलं, लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून पेटी करू.

बाबा खाटेवरून म्हणाले, "खाऱ्या पान्यात लोखंड किती दिवस टिकन?"

"मग?"

"टाकं बांधावं लागन. अर्धं जमिनीत. उन्हाळ्यात वर ठेवशीन तं तुये मासे शिजतीन."

मासे नाहीत, फुलं आहेत, असं मी सांगू लागलो, तोवर ते काठी टेकत अंगणात जाऊन जमीन बघायला लागले होते. सात महिन्यांत ते पहिल्यांदा कशासाठी तरी उठले होते.

टाकं त्यांनी बसल्या बसल्या बांधलं. विटा, सिमेंट, आतून घोटून गिलावा. तीन बाजू मातीत, आणि चौथ्या बाजूला एका जुन्या लष्करी ट्रकची पुढची सपाट काच, डांबर वितळवून बसवलेली. काचेसमोर एक खड्डा आणि त्यात उतरायला तीन पायऱ्या. पायऱ्या उतरून खाली बसायचं आणि डोळ्यांसमोर पाणी. वर गवताचं छप्पर. सिमेंटातला चुना निघावा म्हणून आम्ही महिनाभर टाकं भरलं आणि उपसलं, मधून मधून चिंचेच्या पाण्यानं घासलं. कॉलेजातून आणलेले लिटमसचे कागद होते. कागदाचा रंग बदलायचा थांबला तेव्हा बाबांनी तो कागद मागून घेतला आणि टोपीत ठेवला.

भाऊजी नाताळच्या सुमाराला आले. तेजाबाचे धुऊन घेतलेले पाच मोठे काचेचे बुधले, समुद्राच्या पाण्यानं भरून टोपल्यांत बसवलेले, वर्ध्याला गाडी बदलून, माजरीला पुन्हा बदलून. चारऐवजी अकरा दगड, ओल्या बारदानात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. "वर्ध्याले बाबूनं इचारलं हे काय हाय," भाऊजी म्हणाले. "तीर्थ हाय म्हनलं. पाया पडला बिचारा." बाबा हसले नाहीत, देव आणि तीर्थ त्यांनी कधीच सोडलं होतं. भाऊजींच्या ते लक्षात आलं आणि ते घाईघाईनं डबा उघडायला लागले.

वास असा आला की माय शेळी घेऊन बाहेर गेली. निम्मं मेलं होतं. मी मेलेलं खरवडून काढलं, दगड टाक्यात मांडले आणि वर पाणी सोडलं. टाकं जेमतेम अर्धं भरलं. दगडांवर शेंबडासारखे गोळे होते, दुसरं काही नाही. पाणी गढूळ. मी खड्ड्यात बसून होतो आणि मनात म्हणत होतो, बरणीतलं तेच इथं आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय चुलीसाठी काड्या घ्यायला गेली ती खड्ड्याशी थांबली. तिनं मला हाक नाही मारली, बाबांना मारली. "इकडं या जरा." पुष्कळ दिवसांत ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. मी पोचलो तेव्हा बाबा दुसऱ्या पायरीवर बसले होते. दगडावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी फुलं, दाटीवाटीनं, पन्नास तरी असतील. आणि मधोमध एक मोठं, तपकिरी, जांभळ्या टोकांच्या पाकळ्यांचं. पाकळ्या हलत होत्या. वारा नसताना हलत होत्या. मायनं विचारलं, "हे जितं हाय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग खाते काय?"

त्याला खायला नदीतले झिंगे बारीक चिरून घालायचे हे मायनंच ठरवलं. आणि श्वासाला हवा. वस्तीत वीज नव्हती. ट्रकची एक जुनी ट्यूब मी सायकलच्या पंपानं फुगवायचो, तिला बारीक रबरी नळी लावून नळीच्या टोकाला कोळशाचा तुकडा बांधला होता. कोळशातून बुडबुडे निघायचे. एकदा फुगवली की ट्यूब चार-पाच तास चालायची. मी जिनिंगमध्ये असलो की पंप माय मारायची. पदर खोचून, दात आवळून, जणू कोणाशी भांडतेय.

हिवाळा बरा गेला. माझी भीती उन्हाळ्याची होती, आणि ती उष्णतेची कमी, आटण्याची जास्त होती. पाणी आटतं पण मीठ आटत नाही. पहिल्या दिवशीच मी परीक्षानळीत शिशाचे छर्रे भरून, तोंड मेणानं बंद करून, ती पाण्यात तरंगत सोडली होती आणि पाणी जिथं लागलं तिथं लाल दोरा बांधला होता. पाणी दाट झालं की नळी वर उचलली जायची आणि दोरा पाण्याबाहेर यायचा. मार्चच्या मध्यावर दोरा बोटभर वर होता. बटणफुलं दुपारी मिटून राहू लागली.

म्हणजे रोज गोडं पाणी घालायला हवं. वस्तीच्या विहिरीचं घालून पाहिलं. आमचा मुलूख चुनखडीचा, ते पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायची नाही. दोन दिवसांत काचेवर पांढरी खपली धरली आणि मोठं फूल देठापाशी सुरकुतलं.

हलकं पाणी जवळपास एकाच विहिरीत होतं. नाल्याच्या काठी एका मोठ्या शेतकऱ्याचा, कास्तकाराचा, मळा होता, संत्र्याची झाडं, त्यात ती विहीर. पूर्वी आमच्या वस्तीतले लोक सणावाराला त्या पाण्यासाठी जायचे. भांडं खाली ठेवायचं, मागं सरायचं, मग त्यांच्यातलं कोणीतरी वरून धार सोडायचं. नागपूरला दीक्षा घेऊन आले त्या दिवशी बाबांनी उंबऱ्यावर उभं राहून मायला आणि मला सांगितलं होतं, "आजपासून वरून वतलेलं पानी या घरात येनार नाही. दाय नाही शिजली तं कच्ची खाऊ." तेव्हापासून पाच-सहा वर्षं आम्ही जड पाणी पीत होतो. मायनं एकदाही कुरकुर केली नव्हती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी एक दिवस पाळी संपल्यावर मी सायकलच्या कॅरिअरला रिकामा बुधला बांधला आणि मळ्यात गेलो.

कास्तकाराची बायको विहिरीवर होती. मी लांबच थांबलो. "थोडं पानी पाहिजे होतं, बाई."

"ठेव तिथं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, अगत्यच होतं. मी बुधला ठेवला आणि दोन पावलं मागं सरलो. मागं सरायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप गेले. तिनं हात उंच धरून धार सोडली, निम्मं पाणी काठावरून वाहून गेलं. "कायले लागते एवढं?" मी म्हटलं, औषधाला. घरी मी सांगितलं, जिनिंगच्या टाकीतलं आणलंय.

असं मी पाच-सहा आठवडे केलं. दोरा खाली उतरला. बटणफुलं वाढली, शेजारच्या दगडावर पसरली. मोठं फूल वीतभर रुंद उमलायचं आणि बाबा रोज सकाळी खड्ड्यात उतरून त्याच्यासमोर चहा प्यायचे. त्यांना इतकं खुशीत बघून मी तिथं थांबत नसे. मळ्याकडून परतताना मी रोज दुसऱ्या रस्त्यानं यायचो, आणि वस्तीतलं कोणी दिसलं की उतरून सायकलची साखळी बघायचं सोंग करायचो.

एका बाजारच्या दिवशी मी घरी आलो तर माय दारातच होती. "काय केलं तू?" एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

बाबा खड्ड्यात बसले होते, काचेकडे पाठ करून. बाजारात तो कास्तकार भेटला होता. चार माणसांत म्हणाला होता, "मिस्तरी, तुयं पोट्टं येते आता पानी घ्याले. मस्त मांगं सरून उभं राह्यते. तुमचा धरम इतक्यात आटला काय?"

मी पायऱ्यांशी उभा राहिलो. बाबांनी वर पाहिलं नाही.

"वरून वतलं?"

"हो."

"तू मांगं सरला?"

मी काचेकडे पाहिलं.

"सरला का नाही, ते सांग."

"सरलो."

ट्यूबमधली हवा संपत आली होती, बुडबुडे अडखळत येत होते, आणि त्या क्षणीही माझं निम्मं लक्ष तिकडं होतं हे त्यांना दिसलं. "जाय, मार पंप," ते म्हणाले. "तुये जीव मरतीन." मी पंप मारला. ते भिंतीला धरून एक एक पायरी चढून वर आले आणि मी हात द्यायला गेलो तर त्यांनी हात मागं घेतला. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी चहा त्यांनी खाटेवरच घेतला.

मळा बंद झाला. मग मला वाटलं, मी इंजिनावर काम करतो, वाफेचं पाणी म्हणजे सगळ्यात शुद्ध पाणी. मी तांब्याची एक जुनी नळी वेटोळी वाकवली, थंड पाण्याच्या बादलीत बसवली आणि इंजिनाच्या निचऱ्याची वाफ तिच्यातून सोडली. दुसऱ्या टोकाला थेंब थेंब पाणी पडू लागलं. चव घेतली, कसलीच नव्हती. लिटमस लावला, ठीक. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, आता कोणाच्या विहिरीची गरज नाही. ते म्हणाले, "बरं हाय." एवढंच.

चौथ्या दिवशी बटणफुलं उघडलीच नाहीत. पाचव्या दिवशी दगडांबरोबर आलेला एक शंखातला खेकडा शंख सोडून तळाशी पडलेला दिसला. दोरा बरोबर पाण्याच्या रेषेवर होता. टाक्याभोवती ओली बारदानं होती, पाणी गार होतं. सगळं बरोबर होतं आणि सगळं मरत होतं. मी आणखी पाणी घातलं. मोठं फूल आत ओढलं गेलं, मग तोंडातून पांढरे धागे बाहेर आले. मी जिनिंगमध्ये तेल घालताना मोजायचो, आता किती उरली असतील. मुकादमानं दोनदा ओरडून सांगितलं, पट्ट्यात हात जाईल.

सहाव्या दिवशी दुपारी मी खड्ड्यात बसलो होतो. माय झिंगे चिरून घेऊन आली, पाण्यात पाहिलं आणि ताटली तशीच धरून उभी राहिली.

"ते इंजिनाचं पानी कायच्यातून काढते तू?"

"नळीतून."

"कायची नयी?"

"तांब्याची."

"कल्हई केली व्हती?"

"नाही."

"कळकलं असन," ती म्हणाली. "ताक ठेवलं बिनकल्हईच्या भांड्यात तं कळकते. मानूस ओकते. हे एवढुसे जीव."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो होतो. तळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकतात हे मला ठाऊक होतं, मोरचुदात तांबं असतं हेही ठाऊक होतं. सायकल हाणत जिनिंगमध्ये गेलो आणि नळीच्या टोकात बोट घातलं. बोटाला हिरवट कीट लागला.

भाऊजींनी फेब्रुवारीत ओळखीच्या गार्डाबरोबर समुद्राच्या पाण्याचे आणखी दोन बुधले पाठवले होते, ते मी अडीअडचणीसाठी जमिनीत पुरून ठेवले होते. टाक्यातलं पाणी गेलंच होतं. शेजारची रिकामी मातीची नांद आणली, धुतली, दोन्ही बुधले तिच्यात ओतले आणि दगड एक एक करून हलवले. अकरांपैकी सहा दगडांवर काहीच जिवंत नव्हतं. मोठं फूल मुठीएवढं उरलं होतं, पण बोट लावल्यावर किंचित आखडलं.

नांद मातीची, पाझरायची. त्यामुळं पाणी माठासारखं गार राहायचं, पण दुप्पट वेगानं आटायचं. दुसऱ्याच दिवशी दोरा वर. मे महिना लागलेला. वस्तीची विहीर जड, इंजिनाची नळी विषारी, आणि मळ्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी बाबांच्या खाटेशी जाऊन म्हटलं, "मरू द्या. मी आता कुठं जात नाही."

मला वाटलं ते बरं म्हणतील. ते म्हणाले, "किती दिवस काढतीन?"

"तीन. फार तर चार."

त्यांनी काठी घेतली, खुंटीवरचा दोर घेतला, कामावरची लोखंडी बादली घेतली. मायनं विचारलं, "कुठं निंगाले?" त्यांनी टोपी घातली. "सायकल घे," मला म्हणाले, "आन् बुधला बांध."

भर दुपार होती. मळा मैलभर. ते काठीवर चालत होते, मी मागून सायकल ढकलत होतो. मी दोनदा म्हटलं, बाबा, परत जाऊ. एकदा म्हटलं, ते मारतील. त्यांनी मान वळवली नाही.

कास्तकार झाडाखाली बाजेवर बसला होता. त्याचा सालदार, सालानं ठेवलेला गडी, कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. बायको विहिरीशी होती, तिनं आम्हाला पाहून घागर भरायला घेतली.

"वतू नका, बाई," बाबा म्हणाले. "पानी मी काढतो."

कास्तकार उठून बसला. "काय म्हनलं?"

"पानी काढाले आलो. दोन बादल्या."

"इहीर माही हाय, मिस्तरी."

"तुमचीच हाय, भाऊ." आधी बाबा त्याला मालक म्हणायचे. तो शब्द बदललेला सगळ्यांच्या कानांना लागला. सालदारानं कुऱ्हाड खाली ठेवली नाही, उचललीही नाही. "पन हिची आतली बांधनी म्या केली. महिनाभर कमरेएवढ्या पान्यात उभा होतो. तवा तुमी हेच पानी पेत होते."

"तवा काम झाल्यावर उपसून टाकलं होतं सारं."

"मंग आताबी उपसा," बाबा म्हणाले आणि त्यांनी बादली सोडली.

बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. सालदार दोन पावलं पुढं आला. मी सायकल सोडून दिली, ती पडली, आणि मी बाबांच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. कास्तकार सालदाराला म्हणाला, "थांब." बाबा एका पायावर भार देऊन दोर ओढत होते. खुबा दुखत होता, ते त्यांच्या मानेवरून कळत होतं. मी दोराला हात घालायला गेलो. "हात नोको लावू," ते म्हणाले. पहिली बादली काठावर आली, त्यांनी ती बुधल्यात ओतली. दुसरी सोडली. त्या दोन बादल्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी नंतर कधीच उभा राहिलेलो नाही.

निघताना बाबा त्या बाईला म्हणाले, "येतो, बाई." तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि घागर रिकामी करून पालथी घातली.

घरी आल्यावर त्यांनी ते पाणी आधी नांदेत घालू दिलं नाही. लोटाभर काढून मायला दिलं. ती प्यायली, मग त्यांनी प्यायलं, मग मी. मग म्हणाले, "घाल आता."

तीन दिवस आम्ही वाट पाहत होतो. कोणी येईल, दार वाजेल. वस्तीतले दोन-तीन जण आमच्या अंगणात येऊन बसायचे, उगाच विड्या ओढत. कोणी आलं नाही. पण मळ्यात मोट जुंपली असल्याचं कळलं. कास्तकारानं खरंच विहीर उपसायला घेतली होती. दोन दिवस बैल चालले. आणि चौथ्या दिवशी जिनिंगच्या मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "सीझन संपत आला. तू उद्यापासून येऊ नको." बाकी सगळ्यांचं काम आणखी पंधरा दिवस चाललं. तो कास्तकार त्याच जिनिंगला कापूस घालायचा. मॅनेजर माझ्याकडे बघत नव्हता.

घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "पानी संपलं असन." आणि टोपी शोधायला लागले.

दुसऱ्या खेपेला कास्तकार बाजेवरून उठला नाही. सालदार दिसला नाही. विहीर नुकती भरत होती, पाणी खोल गेलं होतं, दोर पुरेना तर बाबांनी आपलं खांद्यावरचं उपरणं जोडलं. यावेळी विहीर उपसली गेली नाही. मे महिना होता, उपसली असती तर संत्र्याची झाडं वाळली असती. तिसऱ्या खेपेला वस्तीतल्या दोन बाया आपापल्या घागरी घेऊन आमच्या मागून आल्या. त्या लांब उभ्या राहिल्या, मग जवळ आल्या. बाबांनी त्यांना दोर दिला.

हे सगळं गोडीत झालं असं नाही. कास्तकाराची माणसं पुढं बरेच महिने आम्ही गेलो की काठ धुवायची, आम्ही अजून पाठमोरे असतानाच. आम्ही मागं वळून पाहायचो नाही.

नांदेतल्या पाच दगडांपैकी चार जगले. मोठं फूल जूनमध्ये पूर्ण उमललं, आधीपेक्षा लहान आणि फिकट. पावसाळ्यानंतर भाऊजींनी नवं पाणी आणलं आणि आम्ही टाकं पुन्हा भरलं. बाबांनी काचेसमोर चहा घ्यायला पुन्हा सुरुवात केली. पण मी शेजारी बसलो तर ते थोड्या वेळानं उठायचे. विहिरीवर मी सालदारासमोर उभा राहिलो, त्यानं पाच-सहा आठवड्यांचं मागं सरणं फिटलं असं मला वाटत होतं. त्यांना तसं वाटत होतं का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढल्या वर्षी मला यवतमाळला एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. टाकं मायनं चालवलं, आणखी जवळजवळ दोन वर्षं. पंप, झिंगे, दोरा, सगळं तिला माझ्यापेक्षा बरं जमायचं. मग भाऊजींची बंदरातली जागा बदलली आणि पाणी येईनासं झालं. शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं तिचं कार्ड आलं, "मोठं फूल गेलं. बारके हायेत पन राह्यत नाहीत."

दिवाळीला घरी गेलो तर अंगण सपाट होतं. पावसाचं पाणी साचून खड्ड्यात साप निघाला म्हणून बाबांनी खड्डा, पायऱ्या, टाकं, सगळं विटांच्या तुकड्यांनी बुजवून वर माती चोपली होती. काचसुद्धा काढली नव्हती, आतच होती. मला न विचारता. मी रागानं दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "मळ्यातलं पानी आनाले जाय तुया बापासंगं, त्यायले आता दोर ओढवत नाही." मी घागर घेतली आणि त्यांच्या मागून निघालो.